तुमचा पासवर्ड फुटलाय का? घरी बसून कसं बघायचं ते सांगते

मागच्या गणपतीतली गोष्ट. आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातले एक काका आरती झाल्यावर बाजूला उभे राहिले, सगळे प्रसाद घेऊन निघून गेले तेव्हा हळूच म्हणाले, बेटा, एक मेल आलाय, जरा बघशील का, पण घरात कोणाला सांगू नकोस. मेल इंग्रजीत होता. तुमचा पासवर्ड अमुक अमुक आहे, मी तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचा व्हिडिओ काढलाय, दोन दिवसांत बिटकॉइन पाठवा नाहीतर तो तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना जाईल. काकांच्या डेस्कटॉपला कॅमेराच नाहीये. पण मेलमध्ये लिहिलेला पासवर्ड खरा होता, नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल, आणि तेवढं एक खरं निघालं म्हणून बाकीचं सगळंही खरंच असणार असं धरून ते दोन रात्री झोपले नव्हते.

ते बघून मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितेय. कारण असे मेल 2018 पासून हजारोंनी फिरताहेत, आणि पाठवणाऱ्याकडे व्हिडिओ वगैरे काही नसतो. त्याच्याकडे फक्त एक जुनी यादी असते, मेल आयडी आणि त्याच्यापुढे पासवर्ड, बस. असा मेल आला तर उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि काकांसारखं एकट्याने सोसायचं तर अजिबातच नाही, घरात कोणाला तरी दाखवा.

आता ही यादी आली कुठून? काकांना वाटलं होतं की त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी शिरलं. तसं नाही. आपण दहा वर्षांत किती ठिकाणी खातं उघडतो आठवून बघा, एखादी शॉपिंग साइट, नोकरीची साइट, फोटो प्रिंट करायची, मुलांच्या परीक्षेची, लग्न जुळवायची. त्यातल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून सगळी यादीच्या यादी चोरीला जाते आणि मग ती विकली जाते, वाटली जाते. बोर्डाचा पेपर फुटतो तेव्हा विद्यार्थ्याच्या घरी कोणी चोरी केलेली नसते ना, तसंच हे. आणि फुटलेलं कळायलाही वेळ लागतो. लिंक्डइनची चोरी 2012 ची, तेव्हा 65 लाख पासवर्ड गेले असं समजलं, आणि 2016 मध्ये कळलं की खरा आकडा 16 कोटींच्या वर होता. याहूची चोरी 2013 ची, आधी म्हणाले 100 कोटी खाती, मग 2017 मध्ये कंपनीनेच सांगितलं की 300 कोटी, म्हणजे त्यांची तेव्हाची सगळीच.

बरं, एका साइटचा पासवर्ड फुटला तर काय मोठं बिघडलं? बिघडतं ते असं, की काकांनी तोच पासवर्ड जीमेललाही ठेवला होता. चोर तो मेल आयडी आणि पासवर्ड उचलतात आणि दुसऱ्या शेकडो साइटवर लावून बघतात, हाताने नाही, प्रोग्राम लावून. एकच किल्ली घराला, दुकानाला, लॉकरला आणि स्कूटरलाही. म्हणून पासवर्ड तपासायचा म्हणजे नुसतं फुटला का बघून थांबायचं नाही, ही किल्ली अजून कुठे कुठे लागते तेही शोधायचं. खरं काम तेच आहे.

तर सुरुवात मेल आयडीपासून करा. एक साइट आहे, हॅव आय बीन पोन्ड. स्पेलिंग जरा विचित्र आहे, आधी हॅव आय बीन नेहमीसारखं लिहायचं आणि मग पी डब्ल्यू एन ई डी, सगळं जोडून, शेवटी डॉट कॉम. पत्ता नीट बघून टाका, सर्चमध्ये जाहिरातीवाली जी पहिली लिंक येते तिच्यावर टिचकी मारू नका. ही साइट ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या सिक्युरिटीवाल्या माणसाने डिसेंबर 2013 मध्ये सुरू केली, त्याच्या थोडं आधी ॲडोबीची 15 कोटींहून जास्त खाती फुटली होती. फुटलेल्या याद्या तो गोळा करतो आणि आपला मेल आयडी त्यात आहे का ते फुकटात सांगतो. इथे फक्त मेल आयडी टाकायचा. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, फोन नंबर नाही.

टाकलात की एकतर हिरवं येईल, म्हणजे काही सापडलं नाही, किंवा लाल येईल आणि खाली कंपन्यांची नावं. लाल आलं की लोक घाबरून तिथेच साइट बंद करतात, तसं करू नका, खाली जाऊन वाचा. प्रत्येक नावाखाली लिहिलेलं असतं की चोरी कधीची आणि काय काय गेलं. सगळ्या चोऱ्या सारख्या नसतात. उदाहरण सांगते, आपल्याकडे 2021 मध्ये डॉमिनोज इंडियाचा डेटा फुटला त्यात नावं, फोन नंबर, पत्ते, कोणी काय मागवलं ते सगळं होतं, पण पासवर्डचा प्रश्न नव्हता. आणि बिगबास्केटचा 2020 चा जो फुटला, 2 कोटींहून जास्त ग्राहकांचा, त्यात पत्ते आणि फोनबरोबर पासवर्डही होते, हॅश केलेले. पहिल्यात तुम्हाला पासवर्ड बदलायची गरज नाही, पण कोणी फोन करून तुमचं नाव आणि पत्ता बरोबर सांगितला म्हणून तो बँकेचाच माणूस आहे असं समजायचं नाही हे तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्यात पासवर्ड बदलायलाच हवा.

हॅश म्हणजे काय ते सांगते, कारण कंपन्या नेहमी म्हणतात की आमचे पासवर्ड हॅश केलेले होते, काळजी करू नका. चटणी वाटली की तिच्यातून परत अख्खी मिरची आणि अख्खं खोबरं काढता येत नाही, तसं पासवर्ड वाटून ठेवायचा. कंपनीकडे फक्त चटणी. पण चोर काय करतो, सगळ्यांना सुचतील असे कोट्यवधी पासवर्ड घेतो, प्रत्येकाची चटणी वाटतो आणि चोरलेल्या चटणीशी चव जुळते का बघतो. नातीचं नाव आणि साल, खजराना, म्हणजे आमच्या इंदूरचं गणपतीचं देऊळ, आणि एक दोन तीन, मोबाइल नंबर, गणेश आणि 108, हे पहिल्या झटक्यात जुळतात. लांब आणि कोणाला न सुचणारा असेल तर जुळत नाही. शिवाय काही कंपन्या चांगल्या जड पद्धतीने वाटतात, ज्याला वेळ लागतो, आणि काही जुन्या हलक्या पद्धतीने, लिंक्डइनचे तसेच होते. आपल्याला बाहेरून ते कळत नाही, म्हणून यादीत पासवर्ड असं लिहिलं असेल तर तो गेलाच असं धरून चाला.

घरातले सगळे मेल आयडी तपासा. आईचा, बाबांचा, तो जुना रेडिफचा जो आता कोणी उघडत नाही पण ज्याच्यावर अर्ध्या साइटची खाती आहेत, ऑफिसचा पण. तिथेच नोटिफाय मी म्हणून एक सोय आहे, मेल आयडी देऊन ठेवा, पुढे कधी तुमचा आयडी नव्या यादीत सापडला तर ते स्वतः मेल करतात. हे आवर्जून करा, कारण काही नाजूक प्रकारच्या साइटची माहिती तिथे उघड दाखवत नाहीत, मेल आयडी तुमचाच आहे हे पटल्यावरच सांगतात, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कोणीही कोणाचाही आयडी टाकून बघेल. आणि हिरवं आलं म्हणजे सगळं सुखरूप असं नाही, जे बाहेर आलं आणि त्यांच्यापर्यंत पोचलं तेवढंच त्यांना माहीत असतं.

आता पासवर्ड. सगळ्यात सोपं, तुम्ही क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करत असाल तर उजवीकडे वर तीन ठिपके, त्यात गूगल पासवर्ड मॅनेजर शोधा, फोनवर ते सेटिंग्जच्या आत असतं, आणि तिथे चेकअप दाबा. तीन याद्या येतात, फुटलेले, एकाच पासवर्डवर चालणारे, आणि कमजोर. काकांचं हे काढलं तेव्हा दुसऱ्या यादीत चौदा खाती निघाली, एकच पासवर्ड, आणि त्या यादीत सगळ्यात वर त्यांचं जीमेल. आयफोन असेल तर आता पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲपच असतं, त्यात सिक्युरिटी बघा, जुना आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये पासवर्ड्स आणि त्यात सिक्युरिटी रेकमेंडेशन्स. फक्त एक, फोनला लॉक नसेल तर आधी लॉक लावा, नाहीतर हे सगळे पासवर्ड जो फोन हातात घेईल त्याचे. जेल रोडवर फोन दुरुस्तीला टाकताना लोक सरळ पिन सांगून येतात, ते बघून जीव खालीवर होतो माझा. समोर बसून करवून घ्या, किंवा आधी सगळं काढून रिकामा करून द्या.

जे पासवर्ड सेव्ह केलेले नाहीत, डोक्यात किंवा डायरीत आहेत, ते कसे तपासायचे? त्याच साइटवर पोन्ड पासवर्ड्स म्हणून वेगळं पान आहे. तिथे पासवर्ड टाकला की तो फुटलेल्या यादीत किती वेळा आला ते आकड्यात दिसतं. एक दोन तीन चार पाच सहा टाकून बघा, कोट्यवधी वेळा येतो. आता तुम्ही म्हणाल, अगं, आत्ताच तू म्हणालीस पासवर्ड कुठे टाकू नका! बरोबर आहे, आणि हा प्रश्न पडायलाच हवा.

तो पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरच्या बाहेर जातच नाही. मतदार यादीचं उदाहरण घ्या. तुम्हाला बघायचंय की तुमचं नाव यादीत आहे का, पण तिथे बसलेल्या माणसाला तुमचं नाव सांगायचं नाहीये. तर तुम्ही म्हणता, मला फक्त को पासून सुरू होणाऱ्यांचं पान द्या. तो अख्खं पान देतो, तुम्ही घरी येऊन आपलं नाव शोधता, त्याला कळत नाही तुम्ही कोण, कुलकर्णी नाही पण कोल्हटकर, कोरडे, कोतवाल कोणीही असाल. इथे पण तसंच आहे, ब्राउझर तुमच्या पासवर्डची चटणी वाटतो, ती चाळीस अक्षरांची असते, त्यातली फक्त पहिली पाच साइटला पाठवतो. साइट त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या चटण्या परत पाठवते, शेकड्याने असतात, आणि जुळवाजुळव तुमच्याच मशीनवर होते. अशी पाच अक्षरांची पानं एकूण 10,48,576 आहेत. 2018 मध्ये ही पद्धत आली आणि मग पासवर्ड सांभाळणाऱ्या इतर ॲप्सनीही हीच किंवा अशीच पद्धत घेतली.

तरीही मन धजत नसेल तर टाकू नका, माझी आई टाकत नाही आणि मी तिला आग्रह करत नाही. ज्या पासवर्डची शंका आहे तो तपासत बसण्यापेक्षा सरळ बदलून टाका, तपासण्याचं फळ शेवटी तेच आहे. आणि याच्या नावाने निघालेल्या दुसऱ्या फालतू साइट, तुमचा पासवर्ड किती मजबूत आहे बघा म्हणणाऱ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंका, तिकडे चुकूनही टाकू नका. तपासणी साइटने मेल आयडी आणि पासवर्ड दोन्ही एकत्र मागितले तर तिथून उठायचं.

आता बदलायचे कसे, आणि इथे लोक चुकतात. ज्या साइटचं नाव लाल यादीत आलं तिचाच पासवर्ड बदलतात आणि सुटलो म्हणतात. आधी जीमेल, किंवा जो तुमचा मुख्य मेल असेल तो, कारण बाकी सगळ्यांचं फरगॉट पासवर्ड तिथेच येतं, मेल हातात आला की चोराला बाकीची दारं तोडायची गरजच नाही. मग बँक, मग ज्याच्यात कार्ड सेव्ह केलंय त्या शॉपिंग साइट, मग फेसबुक इन्स्टा, आणि मग जिथे जिथे तो फुटलेला पासवर्ड किंवा त्याचाच भाऊ, म्हणजे शेवटी एक जोडलेला, दोन जोडलेला, लावलाय तिथे. हे शेवटी आकडा बदलायचं चोरांना पाठ आहे.

मेलचा पासवर्ड बदलला की तिथेच अजून तीन गोष्टी बघा. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत युअर डिव्हायसेस असतं, कुठल्या कुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर लॉगिन आहे ते दिसतं, ओळखीचं नसेल ते साइन आउट करा. मग रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल. हे मी फार कळकळीने सांगते, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांचं जीमेल एखाद्या फॉर्म भरायच्या दुकानात काढलेलं असतं, समग्र आयडीचं, म्हणजे आमच्या मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब नोंदणीचं, काम होतं किंवा मुलीचा कॉलेजचा फॉर्म होता, आणि दुकानवाल्याने घाईत आपलाच नंबर टाकलेला असतो, आणि पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांना एकच दिलेला. त्याच्या मनात काही वाईट नसेल, पण तुमच्या खात्याची किल्ली त्याच्याकडे आहे. आणि तिसरं, जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग, तुमचे मेल गुपचूप तिसऱ्याच पत्त्यावर जात नाहीत ना. ही सेटिंग फोनच्या ॲपमध्ये नाही सापडत, कॉम्प्युटरवरून बघा.

मग टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. पासवर्ड फुटला तरी दुसरं काहीतरी लागतं, एसएमएसचा ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर ॲपमधला आकडा. ॲपवाला जास्त चांगला, सिम हातचं गेलं तरी चालतो, पण ते जमत नसेल तर एसएमएसवालं तरी लावा, काही नसण्यापेक्षा खूप बरं. बॅकअप कोड देतात ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि पासकी म्हणून नवं निघालंय, ज्याच्यात फोनच्या बोटाच्या ठशाने लॉगिन होतं, ते जिथे मिळेल तिथे घ्या, त्यात साइटकडे पासवर्डच नसतो, मग फुटणार काय.

नवा पासवर्ड कसा ठेवायचा यावर माझं मत पक्कं आहे. लांब हवा. कॅपिटल, आकडा, चिन्ह घालून सात अक्षरांचा करण्यापेक्षा चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा, पायरी कोथिंबीर रिक्षा घुबड असं काहीतरी, हेच नका घेऊ, आपले आपण काढा, डोळे मिटून पुस्तकाचं पान उघडा आणि बोट ठेवा. मनाचे श्लोक, आरतीची ओळ, म्हण, हे घेऊ नका, ओळखीच्या ओळी याद्यांमध्ये असतात. आणि दर महिन्याला पासवर्ड बदला हा जुना सल्ला सोडून द्या, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेसुद्धा 2017 मध्ये सांगितलं की उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचं कळलं की बदला, आणि नवा ठेवताना तो फुटलेल्यांच्या यादीत नाही ना ते तपासा. सतत बदलायला लावलं की माणूस शेवटी एक दोन तीनच करतो.

पन्नास साइटचे पन्नास लांब पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरचं काम. क्रोमचा किंवा आयफोनचा चालेल, बिटवॉर्डन फुकट आहे आणि मला आवडतो. वयस्कर माणसांना जमत नसेल तर सरळ वहीत लिहू द्या. सांगलीचा किंवा रशियाचा चोर लोकमान्य नगरात येऊन आजींच्या कपाटातली वही नाही उघडणार. वही फक्त कॉम्प्युटरच्या शेजारी नको, आणि तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवायचा नाही.

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तो जास्त वाईट. तुमचे बरेच पासवर्ड एकदम फुटलेले दिसले, वेगवेगळ्या साइटचे, किंवा हॅव आय बीन पोन्डवर स्टीलर लॉग असं लिहून आलं, तर मग कंपनी नाही, तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस बसला होता असं समजा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, फुकटचा गेम, पायरेटेड ऑफिस, यातून हे येतात आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एका दमात उचलून नेतात. जून 2025 मध्ये 1600 कोटी पासवर्ड फुटले अशी बातमी आली होती, ते बरंचसं असंच साठलेलं, जुनं नवं एकत्र. अशा वेळी त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवाही तिकडेच जाईल. आधी दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि कॉम्प्युटर फॉर्मॅट करून घ्या, ओरिजिनल विंडोज टाकून.

आणि पैसे गेलेच असतील तर हे सगळं नंतर. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, लगेच, त्याच तासाला, बँकेला पण, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. जितकं लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवता यायची शक्यता जास्त. संचार साथी या सरकारी साइटवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

काकांचं आम्ही एका रविवारी सकाळी पोहे खाऊन बसलो ते दुपारी दीडला उठलो. चौदापैकी पाच खाती तर बंदच करून टाकली, त्यांना लागतच नव्हती. त्यांनी सगळे नवे पासवर्ड निळ्या शाईने वहीत लिहिले, एका पानावर एक, आणि वही देवघराच्या खालच्या खणात ठेवली. त्या मेलला उत्तर दिलं नाही. नंतर तसाच अजून एक आला, त्यात तोच जुना पासवर्ड होता, आणि या वेळी त्यांनी मला फोन करून सांगितलं, बेटा, परत आला, मी डिलीट करून टाकला.